सही नसलेले पत्र

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एका रविवारी दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका आहे. डी.एड. होऊन नोकरीला लागल्यानंतर तिने बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए.ला अर्थशास्त्र घेतले, तेव्हापासूनचा हा परिचय. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली, आणि निघता निघता तिने पिशवीतून वहीचा दुहेरी कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वृत्तपत्राच्या संपादकांना उद्देशून लिहिलेले ते पत्र होते.

मजकूर थोडक्यात असा : शाळा द्विशिक्षकी, इयत्ता चार. खोल्या दोन, पैकी एक वापरास धोकादायक ठरवून बंद केलेली. तेव्हापासून चारही वर्ग एका खोलीत आणि पडवीत बसतात; पावसाची झड लागली की दोन वर्ग देवळाच्या सभामंडपात हलवावे लागतात. दुरुस्तीचा प्रस्ताव 'वरिष्ठ कार्यालयास सादर' होऊन तिसरे वर्ष चालू आहे. पोषण आहाराच्या भाजीपाल्याचे व इंधनाचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत. तोवर दोघे शिक्षक वाण्याकडे स्वतःच्या नावावर उधारीचे खाते चालवितात. शेवटी एका महिन्याचा तक्ता होता : कामाचे दिवस किती, आणि त्यांपैकी किती दिवस दोघांतील एक शिक्षक बैठक, प्रशिक्षण, सर्वेक्षण किंवा मतदार यादीच्या कामासाठी शाळेबाहेर होता. तक्ता नीटनेटका, बेरीज बरोबर. आपल्या शिकविण्याचे एवढे तरी फळ पदरात पडले, असे मला क्षणभर वाटून गेले.

पत्रात एकही कठोर शब्द नव्हता. कोणत्या मंत्र्याचे नाव नव्हते, पक्षाचे नव्हते, शासनाच्या धोरणाविषयी अवाक्षर नव्हते. आणि खाली सही नव्हती.

सही का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, सही केली तर छप्पर दुरुस्त होईल की नाही ते माहीत नाही, पण माझी चौकशी लागेल हे नक्की." मग थोडे थांबून, "तुमच्या नावाने छापून आणाल का? तुम्ही प्राध्यापक. तुम्हाला कोण काय करणार?"

तिच्या या शेवटच्या प्रश्नाने मला बरेच दिवस अस्वस्थ केले. तिचे वेतन आणि माझ्यासारख्या अनुदानित महाविद्यालयातील अध्यापकाचे वेतन अखेर एकाच सार्वजनिक तिजोरीतून निघते. मी तिच्या शाळेविषयी लिहिले तर जागरूक नागरिक ठरतो. तिने तेच लिहिले तर शिस्तभंग ठरण्याची धास्ती. वस्तुतः त्या शाळेत रोज सकाळी जाते ती, मी नव्हे. ज्याला कमी माहिती आहे त्याने बोलावे आणि ज्याला सर्व माहिती आहे त्याने गप्प राहावे, अशी ही व्यवस्था आहे. (संस्थाचालकांपुढे आम्हा प्राध्यापकांच्या जिभेलाही आपोआप गाठ पडते, ही गोष्ट येथे कबूल करून ठेवतो, परंतु तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

प्रथम नियम काय म्हणतात ते पाहू. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी शिस्त व अपील यांचे नियम १९६४ चे आणि वर्तणुकीचे नियम १९६७ चे आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९७९ चे. शासनाच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर वा कृतीवर प्रतिकूल टीका होईल असे जाहीर विधान सेवकाने करू नये, हा या प्रकारच्या नियमांचा गाभा. २८ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय काढून हेच बंधन समाजमाध्यमांच्या वापरालाही स्पष्ट शब्दांत लागू केले. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी, म्हणजे पर्यायाने जिल्हा परिषदेचे शिक्षकही, त्याच्या कक्षेत येतात.

असे बंधन असूच नये, असे मी म्हणणार नाही. तलाठ्याने चावडीवर बसून महसूल धोरणाची निंदा करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच धोरणाने वसुली करावी, हे राज्यकारभारात चालणार नाही. निवडणुकीच्या हंगामात एखादे गुरुजी पुढाऱ्याच्या गाडीतून फिरताना आपण पाहिलेले असते, आणि त्यांच्या वर्गातील पोरे त्या वेळी अंगणात गोट्या खेळत असतात, हेही पाहिलेले असते. तेव्हा शिस्त हवी. प्रश्न तिच्या मर्यादेचा आहे.

घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात ते कोणकोणत्या कारणांसाठी मर्यादित करता येईल त्याची यादी दिली. देशाची सार्वभौमता, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, बदनामी अशी ती कारणे आहेत. प्रशासनाची सोय हे कारण त्या यादीत नाही. बिहार सरकारने आपल्या नोकरांना कसल्याही निदर्शनांची बंदी केली होती. कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ती बंदी रद्द ठरविली. संपाचा मूलभूत अधिकार न्यायालयाने मानला नाही, पण नोकरीत शिरताना माणूस आपले मूलभूत अधिकार दाराबाहेर ठेवून येत नाही, हे त्या निकालाने प्रस्थापित झाले. पुढे १९९८ मध्ये देवेंद्रप्पा यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने, वरिष्ठांविरुद्ध जाहीर आरोप करणाऱ्या कर्नाटकातील एका महामंडळाच्या कर्मचाऱ्याची बडतर्फी कायम केली. २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाने सरकारी नोकरालाही भाषणस्वातंत्र्य आहे असे पुन्हा बजावून एका महिला कर्मचाऱ्यावरील कारवाई रद्द केली. म्हणजे कायद्याचा काटा एकदा इकडे, एकदा तिकडे झुकत आला आहे.

परंतु माझ्या विद्यार्थिनीने यांपैकी एकही निकाल वाचलेला नाही आणि खरे सांगायचे तर वाचून फारसा फरक पडला नसता. तिच्या पत्राला वर्तणुकीचा नियम मुळात लागू होतो का, याचीच मला शंका आहे. छपरातून पाणी गळणे हे कोणत्याही शासनाचे धोरण असू शकत नाही. फार तर एखादा चिकित्सक वकील 'कृती' या शब्दात अकृतीही बसवून दाखवील. नियमाने कुंपण धोरणाभोवती घातले. भीतीने मात्र ते कुंपण उचलून शाळेच्या उंबऱ्यापर्यंत आणून रोवले आहे. नियम दहा गोष्टी मना करतो तेव्हा त्याच्या छायेत उरलेल्या नव्वद गोष्टीही कोमेजतात. ज्यांनी नियम केला त्यांना हे अभिप्रेत नसेल. पण ज्यांना तो वापरायचा असतो त्यांना ते सोयीचे असते.

ही भीती अवाजवी आहे का? अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ मध्ये आपल्या ग्रंथात जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम. जिचे मोजमापच करता येत नाही ती अनिश्चितता. सही केल्याबद्दल पाचशे रुपये दंड, असा साधा नियम असता तर मला वाटते माझ्या विद्यार्थिनीने तो दंड भरून सही केली असती. तिच्यापुढे तसा निश्चित आकडा नाही. कारणे दाखवा नोटीस येईल, किंवा येणार नाही. गोपनीय अहवालात एखादा शेरा पडेल. वेतनवाढ रोखली जाईल. अचानक शाळा तपासणी होईल आणि तांदळाच्या नोंदीत दोन किलोंची तफावत निघेल. ज्या शाळेत ती कधीच निघत नाही अशी शाळा मी अद्याप पाहिलेली नाही. निलंबन झालेच तर पहिले काही महिने जवळजवळ अर्ध्या पगारावर घर चालवायचे, आणि पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता मात्र पुरा भरायचा. दोषारोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे निलंबन लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले खरे. पण तीन महिने हाही लहान काळ नव्हे. सासरच्या गावात तर तीन दिवसही पुष्कळ होतात.

आणि प्रत्येक शिक्षा कचेरीच्या शिक्क्यानिशी येते असेही नाही. घोडनदीच्या काठचा शिरूर आणि भीमेपलीकडचा दौंड, हे पुणे जिल्ह्यातील दोन तालुके ज्यांच्या परिचयाचे आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. एकीकडे रांजणगावची, दुसरीकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत उभी राहिली. तरी बागायती गावाचा कणा अजून ऊस हाच आहे. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, पतसंस्था, ग्रामपंचायत, पंचायत समिती या वेगवेगळ्या संस्था असल्या तरी त्यांच्या खुर्च्यांवरील माणसे बहुधा एकमेकांची सोयरी, सहकारी, नाहीतर सोयीपुरती विरोधक असतात. अर्थशास्त्रात परस्परांत गुंतलेले बाजार म्हणतात, तसा हा प्रकार. बाईंनी शाळेविषयी तोंड उघडले आणि त्या हंगामात त्यांच्या यजमानांच्या उसाला तोड पंधरा दिवस उशिरा मिळाली, तर या दोन घटनांचा संबंध जगातील कोणतेही न्यायालय सिद्ध करू शकणार नाही. मात्र गावात तो सर्वांना कळतो. कळावा अशीच योजना असते.

बदल्यांच्या बाबतीत परिस्थिती पूर्वीहून सुधारली, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. २०१७ च्या धोरणानंतर प्राथमिक शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकाद्वारे होऊ लागल्या. त्यापूर्वी बदली हे तालुक्याच्या राजकारणातील चलन होते. ते चलन पुष्कळ अंशी बाद झाले. नव्या पद्धतीविषयी शिक्षकांच्या तक्रारी अनेक आहेत, पण पुढाऱ्याच्या ओसरीवर बदलीसाठी बसून राहण्याचे दिवस आठवून, जुनीच पद्धत बरी होती असे म्हणणारा शिक्षक मला तरी भेटलेला नाही. एक शस्त्र बोथट झाले, पण धाक उतरला नाही, कारण धाकाला एका उदाहरणावर दहा वर्षे पोसता येते. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव काही वर्षांपूर्वी राज्यभर झाले होते. त्या शाळेचे मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांना २०२१ मध्ये निलंबित करण्यात आले. पुढे ते खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या शाळेत गेले, आणि त्या शाळेने २०२५ मध्ये जागतिक पातळीवरील पुरस्कार मिळविला. त्या प्रकरणाचा भाषणस्वातंत्र्याशी संबंध नव्हता. आरोप कारभाराविषयीचे होते आणि त्यांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेला जमलेल्या शिक्षकांनी त्या बातमीचा अर्थ कसा लावला, एवढेच मला सांगायचे आहे. एवढ्या नावारूपाच्या माणसाचे असे होते, मग आपल्याला विचारतो कोण, असा तो अर्थ होता.

या मुलखाला ही भीती नवी नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून शतपत्रे लिहिली, तेव्हा गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकरीत होते. पत्रांखाली त्यांचे खरे नाव नसे. १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी याच शिरूर तालुक्यातील धामारी गावावर दरोडा घालून आपल्या बंडाची सुरुवात केली. फडके हे पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या बंडाचा संशय पुण्यातील सुशिक्षितांवर धरला गेला. न्यायखात्यातील नोकर असलेल्या न्यायमूर्ती रानड्यांची आधीच नाशिकला बदली झाली होती. १८७९ मध्ये त्यांना धुळ्याला धाडण्यात आले आणि तेथे त्यांचा टपाल-व्यवहार तपासला जात असे. रानड्यांचा बंडाशी काडीमात्र संबंध नव्हता. ते बोलत होते, लिहीत होते, सार्वजनिक सभेच्या कामात लक्ष घालीत होते, एवढे पुरेसे झाले. १९०७ मध्ये रिस्ले यांचे परिपत्रक निघाले आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी व शिक्षक यांना राजकारणापासून दूर ठेवण्याची तजवीज झाली. परक्या राज्याला आपल्या नोकराच्या जिभेची भीती का वाटावी, हे समजू शकते. स्वराज्यात वर्तणुकीच्या नियमांचा साचा बव्हंशी तोच राहिला, याचे कारण मात्र तितकेसे उमगत नाही.

आता या मौनाची किंमत कोण भरतो, या प्रश्नाकडे वळू. ही किंमत शिक्षक भरत नाही. त्याचे मौन त्याच्यापुरते किफायतशीर असते. बोलण्याचा सारा तोटा एकट्याला आणि सारा फायदा गावाला, असा सौदा असेल तर शहाणा माणूस गप्प बसतो. किंमत पडते ती शासनाच्या स्वतःच्या माहितीवर. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर शाळांची पटपडताळणी झाली. महसूल खात्याची आणि इतर खात्यांची माणसे शाळाशाळांत पाठवावी लागली, मुलांच्या बोटांना मतदारांसारखी शाई लावावी लागली, आणि पटावर नावे असलेली पण प्रत्यक्षात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीस आली. ही गोष्ट त्या त्या शाळेतील शिक्षकांना, लिपिकांना, शिपायांना वर्षानुवर्षे ठाऊक नव्हती काय? ज्या बातमीसाठी राज्याची यंत्रणा तीन दिवस धावली ती बातमी त्याच यंत्रणेच्या हजारो नोकरांच्या पोटात होती. अमर्त्य सेन यांनी दुष्काळांचा अभ्यास करताना दाखवून दिले आहे की, १९५८ ते १९६१ या काळात चीनमध्ये जो प्रचंड भूकबळींचा अनर्थ झाला त्यात स्थानिक अधिकाऱ्यांनी वर पाठविलेल्या पिकांच्या फुगीर आकड्यांचा मोठा वाटा होता. खाली कोणी खरे बोलेना, आणि आपणच पसरविलेल्या धाकामुळे वरचे राज्यकर्ते आपल्याच देशाविषयी अडाणी राहिले.

चीनचे उदाहरण कोणाला फार मोठे वाटेल. लहान उदाहरणे जवळ आहेत. शिरूरहून घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात निंबोडी येथे २०१७ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे सरकारी शाळेची इमारत सकाळच्या वेळी पडली आणि सात मुले गेली. त्यानंतर तातडीने जी कारवाई झाली ती शिक्षकांच्या निलंबनाची. इमारत पडण्यापूर्वी बोलला तर शिक्षकाने मर्यादा सोडली, पडल्यानंतर तो का बोलला नाही म्हणून दोषी. महाराष्ट्र शासनाचा समाजमाध्यमांविषयीचा निर्णय त्या घटनेनंतर तिसऱ्या दिवशी निघाला. दोहोंचा परस्परसंबंध नाही, हे मी जाणतो. पण माझ्या विद्यार्थिनीने दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचल्या होत्या.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक सोपा विचार मांडला : एखादी संस्था बिघडू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. आमच्या भागात पालकांनी पहिला मार्ग धरला आहे. वाड्यावस्त्यांवर सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि ज्यांना फी परवडते त्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. आवाज उठविण्याची ऐपत असलेली माणसे आधी निघून गेली. मागे राहिले ते शेतमजूर, ऊसतोडणीवाले, कारखान्यात कंत्राटावर राबणारे, ज्यांचे म्हणणे पंचायत समितीच्या जिन्यापर्यंतही पोहोचत नाही. त्यांच्या मुलांच्या वतीने बोलू शकेल असा, माहिती असलेला आणि लिहिता येणारा एकच माणूस त्या शाळेत आहे, आणि त्याला आपण नेमके गप्प बसवितो.

शिक्षकांच्या संघटना नाहीत काय, असे कोणी विचारील. आहेत, आणि बलिष्ठ आहेत. १९७७-७८ मधील राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये आठवडाभर संप झाला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या निर्णयाविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी प्राथमिक शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. त्याच आंदोलनात प्रशासनाच्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडण्याचा मार्गही अवलंबिला गेला. हर्शमनला ही मौज वाटली असती : बाहेर पडणे हाच आवाज. परंतु थोडे परखड बोलायचे तर, संघटनांचा आवाज वेतन, निवृत्तिवेतन, बदली, पदोन्नती या विषयांवर जेवढा चढतो तेवढा तो एका वाडीतील एका बंद खोलीसाठी चढत नाही. दहा हजारांच्या मोर्चात चालणारा गुरुजी निर्भय असतो, तोच दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेच्या गळतीविषयी गप्प असतो. विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार असतात, पण घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्यांना मत देण्याचा हक्क माध्यमिक व त्यावरील शिक्षकांना; प्राथमिक शिक्षकाला तो नाही. मार्च २०२२ नंतर काही वर्षे तर पुणे जिल्हा परिषदेत निवडून आलेले सदस्यच नव्हते, प्रशासक होते. आपल्या गटाच्या सदस्याच्या कानावर गोष्ट घालावी, ही जुनी पायवाटही तेवढा काळ बंद राहिली.

उघड बोलण्याची वाट बंद झाली की चोरवाटा रुळतात. निनावी अर्ज ही त्यांतील सर्वांत घाणेरडी वाट. आमच्या शास्त्रात ग्रेशॅमचा नियम आहे : हिणकस नाणे चांगल्या नाण्याला व्यवहारातून हुसकून लावते. सही केलेल्या पत्राची किंमत जबर आणि बिनसहीच्या अर्जाची शून्य, असे झाल्यावर तालुक्यात कोणते नाणे चालणार? द्वेषाने लिहिलेल्या दहा निनावी अर्जांत एखादा खरा असतो. पण दहांचा अनुभव घेतलेला अधिकारी अकरावाही टोपलीत टाकतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

अमेरिकेतील एक खटला या संदर्भात सांगण्याजोगा आहे. इलिनॉय राज्यातील मार्व्हिन पिकरिंग या शाळाशिक्षकाने स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून, शाळा मंडळ पैसा अभ्यासापेक्षा खेळांवर कसा उधळते ते मांडले. खाली सही केली. मंडळाने त्याला नोकरीवरून काढले. त्याच्या पत्रातील काही विधाने चुकीची होती, हेही सिद्ध झाले. तरीसुद्धा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. शाळेचा पैसा कसा खर्च व्हावा याविषयी जाणतेपणाने बोलू शकणारा वर्ग शिक्षकांचाच, तेव्हा त्यांना सूडाच्या भीतीवाचून बोलता आले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. जाणूनबुजून वा बेफिकिरीने खोटे बोलणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. पुढे २००६ मध्ये तेच न्यायालय बरेच मागे सरकले आणि नोकरीचे कर्तव्य म्हणून केलेल्या विधानाला हे संरक्षण त्याने नाकारले, म्हणजे तिकडेही रस्ता सरळ नाही. आपल्याकडे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये संमत झाला. तो अमलात आणणारी अधिसूचना पुढील दहा वर्षांत निघाली नाही.

असे असताना काय करता येईल? शासनाने एक लहानसे परिपत्रक काढावे आणि त्यात एवढेच म्हणावे की, आपल्या शाळेच्या इमारतीची सुरक्षितता, मुलांचा आहार, पट व उपस्थिती, आणि शिक्षक शाळेबाहेर राहिल्याचे दिवस, यांविषयी खरी माहिती देणे म्हणजे शासनाच्या धोरणावर टीका नव्हे. याला खर्च शून्य. शिक्षण हक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. दर महिन्याला मुख्याध्यापकाने ही माहिती समितीपुढे वाचावी आणि ती इतिवृत्तात जशीच्या तशी उतरावी. इतिवृत्त हा सरकारी दस्तऐवज आहे. माहिती अधिकाराने तो कोणालाही पाहता येतो, आणि कर्तव्य म्हणून दिलेल्या माहितीबद्दल शिक्षकाला नोटीस काढणे कचेरीलाही अवघड जाईल. ही सूचना मी माझ्या विद्यार्थिनीपुढे मांडली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "समितीचे अध्यक्ष कोणाचे भाऊ आहेत ते माहीत आहे का, सर?" मला माहीत नव्हते.

तिचे पत्र वेगळे छापायचे नाही, त्यातील मजकूर मी माझ्या लेखात, माझ्या सहीने घालायचा, असे आमचे ठरले. लेख पाठविण्यापूर्वी तिला वाचून दाखविला. शाळा शिरूर तालुक्यातील की दौंड तालुक्यातील, ते मी आरंभी लिहिले होते. ते तिने खोडायला लावले. म्हणाली, द्विशिक्षकी शाळा, एक खोली बंद, जवळ देऊळ, एवढ्यावरून तालुक्यातले कोणीही ओळखील. म्हणून दोन्ही तालुक्यांची नावे आली. वाण्याच्या उधारीचा उल्लेखही काढावा असे तिला वाटत होते. मग थोडा विचार करून म्हणाली, राहू द्या, तशी उधारी कोणाची नाही? तक्त्यातील आकडे मात्र तिने सगळे गाळायला सांगितले. तेवढे दिवस नेमके आपल्याच शाळेचे आहेत, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात कोणीही हजेरीपट काढून ताडून पाहील, असे तिचे म्हणणे पडले. ते मी गाळले आहेत.